अंगणवाडीतल्या मोबाइलचं तोंड कुणाकडे?

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत सध्या अंगणवाडीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, 'आमच्या अंगणवाडीत टीव्ही बसला.' दुसरं, 'ताई दिवसभर मोबाइलमध्येच असतात.' पहिलं कौतुकानं सांगतात, दुसरं तक्रारीच्या सुरात. पण दोन्हींचं मूळ एकाच धोरणात आहे.

केंद्राच्या 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०' योजनेत देशभरातल्या दोन लाख अंगणवाड्या सुधारायचं ठरलं. त्यात एलईडी स्क्रीन आहे, पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, परसबागही आहे. दुसरीकडे १ मार्च २०२१ ला 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आलं आणि मुलांच्या हजेरीपासून वजन-उंचीपर्यंतची नोंद वहीतून मोबाइलमध्ये गेली. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा ॲपला दाखवून ओळख पटवणं सक्तीचं झालं. शहराकडे आणखी निराळं चित्र आहे. जळगाव-भुसावळकडच्या इंग्रजी नर्सरीच्या फलकांवर 'डिजिटल क्लासरूम' हे शब्द कधीकधी शाळेच्या नावापेक्षाही ठळक असतात.

पालक विचारतात, हे चांगलं की वाईट? असं विचारलं तर उत्तर सापडणार नाही. चाकू चांगला की वाईट, हे तो कुणाच्या हातात आहे यावर ठरतं. इथं मात्र हातापेक्षा तोंड बघायचं. वर्गातल्या त्या मोबाइलचं किंवा टीव्हीचं तोंड मुलांकडे आहे, शिकवणाऱ्या ताईकडे आहे, की तालुक्याच्या ऑफिसकडे? तिन्हींचा परिणाम वेगवेगळा होतो. आपण मात्र तिन्हींना सरसकट 'डिजिटल' म्हणून मोकळे होतो.

तीन ते सहा वर्षांचं मूल शिकतं कसं?

पहिलीच्या आधीच्या या वर्षांतल्या शिकण्याला सरकारी भाषेत 'शाळापूर्व शिक्षण' म्हणतात. अंगणवाडी, बालवाडी, नर्सरी, केजी सगळं त्यात आलं. माणसाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलंय. म्हणूनच त्या धोरणानं तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला.

या वयाचं मूल ऐकून कमी आणि देवाणघेवाणीतून जास्त शिकतं. ते गाईकडे बोट दाखवतं. मोठं माणूस म्हणतं, 'हो, गाय. कुठं चालली बरं ती?' मूल म्हणतं, 'पाणी प्यायला.' 'आणि तिचं वासरू?' अशा चार-सहा फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत मुलाला एखादा नवा शब्द मिळतो, थांबून विचार करावा लागतो, आपलं बोलणं समोरच्याला कळलं की नाही याचा अंदाज येतो. दिवसभरात अशा फेऱ्या जितक्या जास्त होतील, तितकी भाषा पक्की होत जाते आणि पुढचं वाचन-गणित त्या भाषेवर उभं राहतं.

जळगावच्या माणसाला हे ठिबकच्या भाषेत लगेच कळेल. पाटानं पाणी सोडलं की वावर ओलं दिसतं, पण कुठल्या खोडाला किती मिळालं याचा हिशोब नसतो. ठिबक प्रत्येक झाडाच्या मुळाशी, त्याला लागेल तेवढंच देतं. मुलाशी होणारं बोलणं ठिबकसारखं असतं. ते त्याच मुलाच्या, त्या क्षणीच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर असतं. स्क्रीन वीस मुलांपुढे एकच पाट सोडतो.

मग स्क्रीनवरून मूल शिकतच नाही का?

शिकतं, पण अटी आहेत. त्या समजून घ्यायला दोन प्रयोग पुरेत.

अमेरिकेत पॅट्रिशिया कुल या शास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात इंग्रजी ऐकणाऱ्या काही बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं येऊन खेळली, पुस्तकं वाचून दाखवू लागली. अशा बारा बैठका झाल्या. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, तिसऱ्याला नुसतं ऐकवलं. पहिल्या गटातल्या बाळांना चिनीतले बारीक उच्चारभेद ओळखू येऊ लागले. टीव्हीवाल्या आणि ऐकणाऱ्या गटांत काहीच फरक पडला नाही.

यावरून कुणी म्हणेल, स्क्रीनच वाईट. पण २०१४ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासानं गंमत केली. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवे शब्द तीन प्रकारे शिकवले: समोर बसून, व्हिडिओ कॉलवर, आणि आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून. समोर बसून मुलं शिकली. व्हिडिओ कॉलवरही शिकली. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. कॉल आणि रेकॉर्डिंग दोन्हींत स्क्रीन होताच. फरक एवढाच, की कॉलवरची बाई मुलाला उत्तर देत होती, मुलानं काही केलं की हसत होती, थांबत होती.

सुरतेला कामाला गेलेला बाप रात्री व्हिडिओ कॉलवर पोराला 'काय जेवलास?' विचारतो, आणि तेच पोर एकटं बसून कार्टून बघतं, या दोन्हींना आपण सर्रास 'मोबाइल बघणं' म्हणतो. मुलाच्या डोक्यात मात्र दोन्ही वेळा निराळं काहीतरी घडत असतं.

वय वाढतं तशी ही अडचण कमी होते. चार-पाच वर्षांचं मूल नीट बेतलेल्या कार्यक्रमातून शब्द, आकडे उचलतं. आणि शेजारी बसून मोठं माणूस 'हे काय झालं? आता ती काय करेल?' असं बोलत असेल तर चांगलंच उचलतं. म्हणजे पुन्हा गाडी माणसावरच आली.

स्क्रीन मुलांकडे वळतो तेव्हा

आता वर्गात येऊ. खोली एक, मुलं अठरा-वीस, फोन सहा इंची. ताईला पावसाचं गाणं दाखवायचंय. ती फोन डोक्याच्या वर धरते. पुढच्या चौघांना दिसतं, मधली गुडघ्यावर उठतात, मागची उभी राहतात. 'माले बी दखाड ना!' असा गलका होतो. ताईचा हात भरून येतो म्हणून ती हात बदलते. स्क्रीन मुलांकडे असल्यानं तिला गाण्यात काय चाललंय ते दिसत नाही, आणि फोन सावरण्याच्या नादात मुलांचे चेहरेही दिसत नाहीत. तीन मिनिटांत कुणालाच कुणाशी बोलता आलेलं नसतं. तेच गाणं तिनं स्वतः, हातवारे करून म्हटलं असतं तर? आवाज बेसूर असता, पण वीसही मुलं उड्या मारत असती.

मोठा टीव्ही आला की दिसण्याची अडचण सुटते, पण दुसरी उभी राहते. टीव्ही लावला की मुलं गप्प बसतात. त्या शांततेचा मोह फार मोठा असतो. आहार शिजतोय, मदतनीस रजेवर आहे, दारात एक गरोदर बाई कार्ड घेऊन उभी आहे. अशा वेळी टीव्ही लावणाऱ्या ताईला मी तरी दोष देणार नाही. पण ती शांतता शिकण्याची नसते. मागे नुसता टीव्ही चालू असला तरी मोठ्यांचं मुलांशी बोलणं कमी होतं आणि मुलांचा खेळही तुटक होतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

किती वेळ चालेल? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, की तीन-चार वर्षांच्या मुलानं बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, कमी असेल तर उत्तमच. आणि हालचाल मात्र किमान तीन तास हवी. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला असाच आहे: दोन ते पाच वर्षांत कमाल एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. हा तास घर आणि अंगणवाडी मिळून आहे. घरी तो बहुतेक वेळा आधीच संपलेला असतो.

तरीही मुलांकडे वळलेल्या स्क्रीनचा एक उपयोग मला मनापासून पटतो. जे गावात नाही ते दाखवणं. भुसावळच्या पोराला रेल्वे दाखवायची गरज नाही, ते इंजिनाच्या आवाजावर झोपतं. सातपुड्यातल्या मोलगीकडच्या पाड्यावरच्या मुलानं मात्र रेल्वे पाहिलेली नसते. दोन मिनिटं गाडी स्टेशनात येताना दाखवावी, बंद करावं, आणि मग एकमेकांचे सदरे धरून सगळ्यांनी अंगणात गाडी करावी. कोण इंजिन, कोण गार्ड यावरून भांडण होईल. ते भांडण हाच पाठ.

ताईकडे वळलेला फोन

माझ्या मते खरा फायदा इथं आहे. आणि चर्चा सर्वांत कमी याचीच होते, कारण यात दाखवण्यासारखं, फीत कापण्यासारखं काही नसतं.

खान्देशातली मुख्य अडचण बघा. अंगणवाडीचं साहित्य येतं प्रमाण मराठीत. मूल येतं अहिराणी घेऊन. रावेर-यावलकडे लेवा बोली, धडगावला पावरी, अक्कलकुव्याकडे भिलोरी, नवापूरकडे मावची, चाळीसगाव-जामनेरच्या तांड्यांवर बंजारा. मूल 'गावडी' म्हणतं आणि तक्त्यावर 'गाय' लिहिलेलं असतं. अहिराणीत ही दरी छोटी आहे, पावरी-भिलोरीत चांगलीच मोठी. मूल गप्प बसतं ते त्याला येत नाही म्हणून नव्हे. त्याला जे येतं त्याला वर्गात जागा नसते.

इथं कुठलंही तयार ॲप कामाचं नाही, कारण पावरीत बालगीतांचं ॲप काढून बाजारात कुणाला पैसा दिसत नाही. पण ताईच्या फोनमधलं साधं रेकॉर्डर कामाचं आहे. पारोळ्याकडच्या एका अंगणवाडीत असंच पाहिलं. ताईनं गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून अहिराणीतल्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. फोन खिडकीत पालथा ठेवलेला, स्क्रीन दिसतच नव्हता. गोष्ट सुरू झाली आणि एक पोरगी उठून उभी राहिली, 'हाई मनी मोठमाय शे!' मग अर्धा वेळ त्या आजीचीच चौकशी. ताईनं गोष्ट ऐन मोक्याला थांबवली आणि विचारलं, पुढे काय झालं असेल? एका मुलानं कोल्ह्याला विहिरीत टाकलं, दुसऱ्यानं थेट बसमध्ये बसवलं. मूळ गोष्टीत दोन्ही नव्हतं. पण वीस मिनिटं मुलं बोलत होती, तेही आपल्या भाषेत, आणि ताई त्यांच्या उत्तरात मराठी शब्द हळूच पेरत होती.

नुसत्या आवाजाचं हे बळ आपण विसरलोय. आवाज ऐकताना मूल हात-पाय हलवू शकतं, ताईकडे बघू शकतं, चित्र स्वतःच्या मनात काढतं. डेटाही कमी लागतो, आणि रेंज नसेल तर एकदा साठवलेलं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा चालतं. सातपुड्यात ही गोष्ट लहान नाही.

दुसरा उपयोग ताईच्या स्वतःच्या शिकण्याचा. एखादा खेळ कसा घ्यायचा याचा व्हिडिओ ती रात्री घरी बघते आणि सकाळी चिंचोके, खडे, कापसाची बोंडं घेऊन तो खेळ मुलांबरोबर करते. व्हिडिओ ताईनं बघायचा, खेळ मुलांनी खेळायचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं घेऊन जी बालवाडी उभी केली, तिच्यात मोबाइल नव्हता. पण त्यांची रीत शिकायला प्रत्यक्ष तिथं जावं लागायचं. आज तशी रीत धडगावच्या सेविकेच्या हातात पोहोचू शकते. हा फरक मोठा आहे.

तिसरा उपयोग मूल कुठवर आलं हे बघण्याचा. जूनमध्ये काढलेल्या चित्रात नुसत्या रेघोट्या, दिवाळीला बंद गोल, संक्रांतीला त्या गोलाला डोळे आणि हात-पाय. ताईनं तीन फोटो काढून ठेवले तर पालकाला तिला काही समजवावंच लागत नाही. कापूस वेचणीला जाणाऱ्या आईला पालक सभेला येणं जमत नाही. तिला रात्री अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप गेला, 'आज आम्ही पाच बिया ओळखल्या, त्याला विचारा कोणत्या', तर घरी पुन्हा एक बोलण्याची फेरी होते. २०२२ मधल्या 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या अभियानात गावोगावी मातांचे गट तयार झाले. त्या गटांना असे निरोप देणं सोपं आहे. लिहिलेल्या मजकुराऐवजी आवाज पाठवावा, इतकंच. वाचता न येणारी आईही मग गटात बरोबरीनं असते.

आणि ऑफिसकडे वळलेला फोन

तिसरं तोंड वर आहे. पालकांना दिसणारी 'मोबाइलमध्ये गुंतलेली ताई' बहुतेक वेळा याच तोंडापुढे बसलेली असते.

पोषण ट्रॅकर म्हणजे देशभरच्या अंगणवाड्यांची एकत्रित नोंदवही. किती मुलं आली, कुणी आहार घेतला, वजन-उंची किती, हे रोज किंवा ठरल्या वेळी भरायचं. हेतू चांगला आहे. कुपोषित मूल लवकर लक्षात येतं, कागदावरची खोटी मुलं गळतात. घरपोच आहारासाठी चेहरा ओळखण्याचं काम दोन पायऱ्यांत होतं. आधी आधारशी पडताळणी, त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइल नंबरवर ओटीपी येतो. मग दर वेळी आहार देताना चेहरा कॅमेऱ्यापुढे धरून जुन्या फोटोशी जुळवायचा. हा आहार सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी असतो. शाळापूर्व वर्गातल्या मुलांशी त्याचा थेट संबंध नाही. पण ताई तीच, फोन तोच, सकाळही तीच.

आता हे नंदुरबारच्या डोंगरात करून बघा. आई दारात उभी, तिचा आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, नवरा ऊसतोडीला किंवा गुजरातेत. ओटीपी त्याच्या फोनवर जातो, त्यानं उचलला तर आकडा सांगतो. तोवर वेळ संपतो. पुन्हा पाठवा. रेंज गेली, गोल फिरतोय. आत मुलं चटईवर बसून आहेत. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. इतक्या वर्षांनंतर त्याच जिल्ह्यातल्या पाड्यावर आधारचा आकडा जुळवण्यात शिकवण्याची वेळ जाते, हे चित्र काही कौतुकाचं नाही.

सेविका तंत्रज्ञानाला घाबरतात, असं अधूनमधून ऐकू येतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले, तेव्हाही तसं बोललं गेलं. त्यांची तक्रार ऐकली तर कळतं: फोन जुने, मेमरी कमी, ॲप चालताना अडकणारे, आणि भरायचं सगळं इंग्रजीत. पुढे मराठी आली, फोनही बदलले. त्या वेळी त्यांनी मागितलं होतं ते चालणारं यंत्र आणि कळणारी भाषा. याला भीती म्हणत नाहीत.

मला खटकतं ते निराळंच. ॲपमध्ये हजेरी, आहार, वजन मोजलं जातं. आज ताई मुलांशी किती बोलली, कोणती गोष्ट रंगली, हे मोजता येत नाही. जे मोजलं जातं त्याचाच पर्यवेक्षिका विचारणार, आणि ज्याचं विचारलं जातं तेच काम आधी होणार. यात ताईची चूक शोधण्यात अर्थ नाही.

'आमचं पोरगं तर मोबाइलवरच एबीसीडी शिकलं'

शिकलं असेल. घरी एक साधी चाचणी करून बघा. वीसपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलापुढे मूठभर चिंचोके ठेवा आणि म्हणा, 'मला चार दे.' बरीच मुलं ओंजळभर उचलून देतात. आकडे म्हणता येणं आणि 'चार' म्हणजे किती हे कळणं यांत अनेक महिन्यांचं अंतर असतं, हे या विषयावर काम करणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. गाण्यातून म्हणणं येतं. कळायला हाताला चार वस्तू लागाव्या लागतात, आणि 'अरे, हे तर पाच झाले, एक मागे ठेव' म्हणणारं माणूस लागतं.

'घरी बघतातच, मग अंगणवाडीत काय बिघडतं?'

घरी बघतात म्हणूनच तर अंगणवाडीत नको. घरात आई-बाप शेतात, आजी थकलेली, मूल फोनपाशी. हे कुणाला हौस म्हणून होत नाही. पण मग दिवसातले जे तीन-चार तास समवयस्क मुलं, मोकळी जागा आणि बोलणारं माणूस एकत्र मिळतं, तेही स्क्रीनला का द्यायचे? डोळ्यांचाही मुद्दा आहे. उघड्यावर, उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं कमी दिसण्याचा धोका कमी असतो. खान्देशात उजेडाला तोटा नाही. एप्रिल-मे सोडा, तेव्हा सकाळी नऊनंतर अंगणात मोठ्यालाही उभं राहवत नाही, आणि तेव्हा सावलीतली गोष्ट बरी.

'इंग्रजी शाळेत पॅनल आहे, आपली मुलं मागे पडतील'

ही भीती खरी आहे, तिला हसून चालणार नाही. ज्याच्याकडे काही नाही त्यालाच 'तुला कशाला हवं' असं सांगणं सोपं असतं, आणि सांगणाऱ्यांच्या घरी सगळं असतं. पण पॅनल, म्हणजे भिंतीवरचा मोठा टचस्क्रीन, आहे म्हणून शहरातलं मूल पुढे जात नाही. घरात पुस्तकं असतात, बोलायला वेळ असलेली मोठी माणसं असतात, वर्गात मुलं कमी असतात, म्हणून ते पुढे जातं. मोबाइल वापरायला तर कुणी शिकवावंच लागत नाही, सातव्या-आठव्या वर्षी हाती आला तरी आठवड्यात जमतो. मराठी नीट बोलणं, ऐकणं, विचारणं मात्र आठवड्यात जमत नाही.

पैसेवाल्या देशांचाही यावर एकदा विचार बदललाय. स्वीडननं २०१९ पासून बालवाडीच्या अभ्यासक्रमात डिजिटल साधनं सक्तीची केली होती. २०२३ मध्ये तिथल्याच सरकारनं ती सक्ती काढून घेण्याचं ठरवलं आणि लहान मुलांच्या वर्गात पुन्हा पुस्तकांवर भर द्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडे वीज जात नव्हती, रेंजही होती. तरीही.

एका ठिकाणी मात्र माझं मत उलटं आहे. ज्या मुलाला बोलता येत नाही, ऐकू येत नाही किंवा स्वमग्नता आहे, त्याच्यासाठी टॅबवरचं चित्र दाबून 'पाणी हवं' सांगता येणं ही चैन नाही. तिथं स्क्रीन बोलण्याच्या आड येत नाही, तोच त्याचं बोलणं होतो. अशा मुलाला साधन द्यायला जितका उशीर होतो तितकं नुकसान होतं, आणि आपल्याकडे नेमकं तिथंच ते पोहोचत नाही.

फोटोंचं काय?

यावर कुणी बोलत नाही म्हणून थोडं. वजनकाट्यावर अर्धउघडं उभं असलेलं मूल, ताटापुढे बसलेली मुलं, 'कुपोषित' श्रेणीतल्या बाळाला मांडीवर घेतलेली आई, असे फोटो बीटच्या (एका पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्यांच्या) ग्रुपवर, तिथून आणखी चार ग्रुपवर जातात. काम केल्याचा पुरावा मागितला जातो म्हणून ताई पाठवते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलंय आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यायला सांगितलंय. कायद्याची कलमं बाजूला ठेवली तरी एक साधी कसोटी आहे: हा फोटो या मुलानं पंधराव्या वर्षी पाहिला तर त्याला कसं वाटेल? चेहरा न दाखवता ताटाचा फोटो काढता येतो, चित्राचा काढता येतो, मुलांची पाठ दिसेल असा काढता येतो. वरून मागणाऱ्यांनीच तसा मागितला तर प्रश्न लगेच सुटेल.

टीव्ही बसलाच आहे, तर

तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. त्यावर एक कापड टाकून ठेवावं, म्हणजे तो लावणं हे ठरवून करायचं काम होईल. काय दाखवायचं ते ताईनं आधी बघून, पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावं. इंटरनेटवर एक गाणं संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं आणि मधे जाहिरात येते, ती मुलांपुढे नको. चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त एका वेळी चालवू नये, मधे थांबवावं, विचारावं, आणि संपलं की त्यातलं काहीतरी अंगानं करावं.

पालक सभेत 'टीव्ही कधी येणार' हा प्रश्न बाजूला ठेवून दुसरे काही विचारता येतील. आमच्या मुलांच्या बोलीतल्या गोष्टी-गाणी ताईंकडे आहेत का, नसतील तर आम्ही कोणाच्या आजीला पाठवू? आहार वाटपाचा आणि नोंदीचा दिवस वेगळा ठेवून बाकी दिवशी सकाळचे दोन तास फोन पिशवीत राहील असं करता येईल का? ते एकट्या ताईच्या हातात नाही, प्रकल्प अधिकाऱ्यांकडे गावाचं पत्र जावं लागेल. वीज बिल कोण भरतं? डेटाचे पैसे वेळेवर मिळतात, की ताई मानधनातून रिचार्ज मारते? जागा भरलेली आहे का, की एकाच मदतनिसावर दोन अंगणवाड्या चालू आहेत? ग्रामसभेच्या इतिवृत्तात हे प्रश्न लिहून घ्यायला सांगा, तोंडी विचारलेले सभेतच राहतात.